हातात तेरा पत्ते

२८ ऑगस्ट २०११, रविवार. पहाटे आयरीन वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुपारपर्यंत आमच्या टाउनहाऊसच्या तळघरात घोटाभर पाणी झालं. नवरा वॉटर हीटरकडे धावला, मी कॉमिक्सच्या खोक्यांकडे. त्यावरून मला पुढे बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं. वॉटर हीटर लोखंडाचा असतो आणि कॉमिक्स कागदाची, एवढंच माझं म्हणणं होतं. शिवाय मी चिपळूणची. वाशिष्ठीचं पाणी चढायला लागलं की आधी काय उचलायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

खोकी तीन होती. पांढऱ्या पुठ्ठ्याची, हातभरापेक्षा लांब, एकेकात दोनशेच्या वर अंक मावतील अशी. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला कडक पुठ्ठा. भरलेलं खोकं एकट्या माणसाला जिन्यावरून नेता येत नाही. दोघांनी मिळून तिन्ही वर आणली आणि हॉलमध्ये जिथे जागा दिसली तिथे टेकवली. गुरुवारी नेमका तिथेच गणपती बसायचा होता.

सासूबाई जूनमध्ये सहा महिन्यांसाठी रत्नागिरीहून आल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून खोक्यांसमोर उभ्या राहिल्या.

"अगं, बाप्पाच्या जागेवर ही रद्दी?"

"अहो आई, रद्दी नाही ती."

"मग काय आहे?"

मी गप्प बसले. कारण यातलं काय रद्दी आणि काय नाही, हेच तर मी जूनपासून वहीत मांडत बसले होते.

झालं होतं असं. ३१ मेला सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीने जाहीर केलं की ऑगस्टअखेर त्यांचं सुपरहिरोंचं अख्खं विश्व थांबणार आणि सप्टेंबरात नव्याने सुरू होणार. एकदम बावन्न मालिका, सगळ्यांचा अंक पहिला. ॲक्शन कॉमिक्स म्हणजे १९३८ साली ज्यात सुपरमॅन जन्मला ती मालिका. ती ९०४ व्या अंकावर थांबणार होती. डिटेक्टिव्ह कॉमिक्सवरून तर कंपनीचं नावच पडलेलं, आणि बॅटमॅन आला तोही तिच्याच २७ व्या अंकात, १९३९ मध्ये. ती ८८१ वर थांबणार. दोन्ही पुन्हा एकपासून. नायक वयाने लहान होणार, सुपरमॅनचं आणि लोइस लेनचं लग्न कधी झालंच नव्हतं असं ठरणार, त्याची लाल चड्डीही जाणार. (या शेवटच्या बातमीवर माणसं जितकी तावातावाने बोलली, तितकी लग्न मोडल्यावर बोलली नाहीत.) हिशेब उघड होता. दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस ९०४ हा आकडा बघून मागे फिरतो, १ बघून हात लावतो.

नव्या माणसाची सोय झाली. जुन्याची गोष्ट वेगळी. माझ्या अकरा मालिका चालू होत्या आणि त्या मी अकरा वेळा ठरवून घेत नव्हते. दूधवाला रतीब टाकतो तसं चाललं होतं. आता सगळे रतीब एकाच दिवशी बंद होणार, आणि कुठला पुन्हा लावायचा ते सांगायचं होतं.

माझं हे वेड तसं उशिराचं. लहानपणी वाचनालयात इंद्रजाल कॉमिक्स वाचले होते, वेताळ आणि मँड्रेक माहीत होते, पण तेवढंच. २००९ च्या जूनमध्ये लाँड्रीत कपडे लावून शेजारच्या कॉमिक्सच्या दुकानात वेळ काढायला शिरले. समोर डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा ८५४ वा अंक होता. मुखपृष्ठावर बॅटमॅन नाही, बॅटवूमन. काळा पोशाख, रक्तासारखे लाल केस. आत जे. एच. विल्यम्सची चित्रं, चौकटी अशा तिरक्या आणि वळणदार की पान वाचायचं कुठून तेच कळेना, आणि कळलं तेव्हा कपडे वाळून तासभर झाला होता. ८५४ ते ८८१, सलग अठ्ठावीस अंक माझ्याकडे आहेत. इतर काहीही सुटलं तरी डिटेक्टिव्ह सुटणार नाही, हे वहीत पहिल्या ओळीला लिहिलं. ही ओळ पुढे मला नडली.

बाहेरच्यांना हा व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी येतात. दुकानदाराकडे आपल्या नावाची एक फाइल असते. आपण सांगितलेल्या मालिकांचे अंक तो त्यात काढून ठेवतो, आपण जाऊन उचलायचे. याला पुल लिस्ट म्हणतात. गंमत अशी की दुकानदाराला वितरकाकडे मागणी दोन महिने आधी नोंदवावी लागते आणि एरवी न खपलेला माल परत जात नाही, त्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून सप्टेंबरच्या अंकांचं उत्तर जुलैमध्ये द्यायचं होतं. हातात काय, तर कॅटलॉगमधलं मुखपृष्ठ आणि चार ओळी. न बघता, न वाचता स्थळ पसंत करण्याचा प्रकार.

मी ऑफिसात टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे एक्सेल उघडल्याशिवाय मला काही सुचत नाही. बावन्न ओळी टाकल्या. बहुतेक अंक २.९९ डॉलरचे, काही ३.९९. सगळे २.९९ धरले तरी महिन्याला १५५ डॉलर ४८ सेंट होत होते. माझी मर्यादा चाळीस. दुकानाची १० टक्के सूट आणि न्यू जर्सीचा त्या वेळचा ७ टक्के सेल्स टॅक्स साधारण एकमेकांत जिरत, तेव्हा चाळीस म्हणजे चाळीसच.

पहिल्या फेरीत नायक बघून खुणा केल्या. बॅटमॅनच्या घराण्यातल्याच इतक्या निघाल्या की एकवीस झाल्या. दुसऱ्या फेरीत नायकाचा रकाना लपवला आणि फक्त लेखक-चित्रकार बघितले. ही युक्ती कुणालाही सांगावीशी वाटते, कारण यादीचा चेहराच बदलला. मला कधीही न आवडलेली वंडर वूमन वर आली, कारण लेखक ब्रायन अझारेलो आणि चित्रकार क्लिफ चँग. दलदलीतला राक्षस स्वॅम्प थिंग आला, कारण स्कॉट स्नायडर. त्याच माणसाने शेवटच्या वर्षभरात डिटेक्टिव्ह इतकं भारी लिहिलं होतं. आता तो डिटेक्टिव्ह सोडून बॅटमॅन मालिकेवर जाणार होता. म्हणजे या दुसऱ्या फेरीच्या नियमाने डिटेक्टिव्हला खूण मिळायला नको होती. मी दिली. पहिल्या ओळीला लिहिलं होतं ना.

शेवटी उरल्या तेरा. डिटेक्टिव्ह, ॲक्शन, बॅटमॅन, बॅटमॅन अँड रॉबिन, बॅटवूमन, बॅटगर्ल, बर्ड्स ऑफ प्रे, वंडर वूमन, ग्रीन लँटर्न, फ्लॅश, ॲक्वामॅन, स्वॅम्प थिंग, डीमन नाइट्स. बारा २.९९ च्या आणि एकटी ॲक्शन ३.९९ ची. बेरीज ३९.८७. जस्टिस लीग ३.९९ ची होती, ती घेतली असती तर चाळीसच्या वर जात होतं, म्हणून कापली. लेखक जेफ जॉन्स आणि चित्रकार जिम ली ही जोडी, सगळ्यात गाजावाजा झालेला अंक, आणि मी तो एक्सेलच्या बेरजेपायी सोडला. आजही त्याचं दुःख नाही.

यादी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांना फक्त आकडे भावले. "बावन्नातले तेरा? मेंढीकोटात येतात तेवढेच की. हुकूम कुठला?"

तो मला तेव्हा ठाऊक नव्हता.

३० ऑगस्टला, मंगळवारी रात्री बारा वाजता दुकान उघडणार होतं. वादळाला दोन दिवस झाले होते, गावात काही रस्ते अजून बंद होते, तरी वीसेक माणसं रांगेत. जुन्या विश्वाचा शेवट करणारा फ्लॅशपॉइंटचा पाचवा अंक आणि जस्टिस लीगचा पहिला, दोन्ही त्याच दिवशी. फ्लॅशपॉइंट मी तिथेच, उभ्याने वाचला. जग बदलून पूर्ववत करताना फ्लॅश दुसऱ्या जगातून एक पत्र घेऊन येतो. त्या जगात मुलगा मेला होता आणि बाप बॅटमॅन झाला होता. बापाने या जगातल्या मुलाला लिहिलेलं ते पत्र. ब्रूस वेन, म्हणजे आपला बॅटमॅन, पत्र वाचतो आणि रडतो. अँडी क्युबर्टने ते पान फार संयमाने काढलंय. सारा खटाटोप धंद्यासाठी होता हे ठाऊक असूनही माझा घसा दाटला.

एक वाजता घरी आले तर सासूबाई जाग्या. "हरतालिकेचं जागरण उद्या रात्री आहे, आज नाही," एवढंच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी उपास सोडायच्या आधी त्यांनीच खोक्यांचा प्रश्न सोडवला. तिन्ही खोकी एकाला एक लावली, वर प्लायवूड, त्यावर पाट, सगळ्यावर त्यांचा जांभळा शालू. मखर नेहमीपेक्षा उंच झालं. दीड दिवस बाप्पा डिटेक्टिव्ह कॉमिक्सवर बसले होते, हे आरतीला आलेल्या तीस माणसांपैकी कुणालाही कळलं नाही.

पहिला खरा बुधवार ७ सप्टेंबरचा. फाइलमध्ये चार अंक होते: ॲक्शन, डिटेक्टिव्ह, बॅटगर्ल, स्वॅम्प थिंग. पैसे देताना दुकानदाराने पाचवा वर ठेवला. ॲनिमल मॅन. माझ्या यादीत नव्हता, एकविसांतही नव्हता. प्राण्यांची शक्ती उसनी घेणारा नायक, कोण घेणार?

"हा घेऊन जा. नाही आवडला तर परत आण."

"परत घेता तुम्ही?"

"नाही घेत. पण तू आणणार नाहीस."

गाडीत बसले. पावसाची भुरभुर होती, म्हणून पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, आणि सगळ्यात वर असल्यामुळे ॲनिमल मॅन हाती आला. एक पान बघू म्हणून उघडला. सुरुवात कुठल्याशा मासिकातल्या मुलाखतीने, नुसता मजकूर. नायक बडी बेकर हा अर्धवेळ नट, अर्धवेळ सुपरहिरो, घरी बायको आणि दोन मुलं, पैशाची ओढाताण. चिमुरड्या मॅक्सीनला कुत्रा पाळायचाय, आईबाप नको म्हणतायत. चित्रकार ट्रॅव्हल फोरमनची रेघ अगदी बारीक, चेहरे थोडे कुरूप, घर मात्र अगदी खरं. शेवटच्या पानावर मॅक्सीन अंगणात बसलीय आणि तिच्याभोवती शेजारपाजारचे मेलेले पाळीव प्राणी, हाडांचे सापळे, जिवंत होऊन उभे. मी मान वर केली तेव्हा दुकानाची पाटी विझली होती.

बाकीचे घरी जाऊन वाचले. ॲक्शनमधला सुपरमॅन टी-शर्ट आणि जीन्समध्ये, नुसता केप लावलेला, गबर झालेल्या उद्योगपतीला उचलून धमकावणारा. ग्रँट मॉरिसनने त्याला १९३८ च्या पहिल्या अंकांतला तापट पोरगा पुन्हा करून टाकला होता. छान वाटलं. बॅटगर्लने मात्र माझी पंचाईत केली. १९८८ च्या कथेत जोकरने गोळी झाडल्यापासून जुनी बॅटगर्ल बार्बरा गॉर्डन व्हीलचेअरवर होती. त्यानंतर वीसहून जास्त वर्षं ती ऑरेकल म्हणून संगणकासमोर बसून सगळ्या हिरोंना चालवत होती. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी, उडी न मारता लढाई जिंकणारी बाई. मला ती कोण वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. आता ती बरी होऊन पुन्हा गच्च्यांवरून उड्या मारणार होती. लिहिणारी गेल सिमोन, म्हणजे हात चांगला. अंकात चूक काढता येत नव्हती. पण शेजारीण अमेरिका सोडून गेली की त्याच घरात आलेल्या नव्या भाडेकरणीकडे आपण जसं बघतो, तसं मी त्या अंकाकडे बघत राहिले. आणि तिच्याआधीची बॅटगर्ल, स्टेफनी ब्राउन, तिची तर ऑगस्टमध्ये चोविसाव्या अंकावर गाडी थांबली आणि बावन्न मालिकांत तिला कुठेच जागा नव्हती.

डिटेक्टिव्हचा पहिला अंक शनिवारी वाचला. टोनी डॅनियल लेखक आणि चित्रकार दोन्ही. शेवटच्या पानावर जोकरच्या चेहऱ्याची कातडी सोलून भिंतीला लावलेली. मी अंक पिशवीत घातला, पुठ्ठा लावला आणि ८८१ च्या मागे ठेवला. वहीत शेरा लिहिला, "पुढे बघू."

२१ सप्टेंबरला वंडर वूमनचा पहिला अंक आला आणि तो मी पुन्हा गाडीतच वाचला. ही सुपरहिरोची गोष्टच नव्हती, ग्रीक देवांच्या भाऊबंदकीची भयकथा होती. त्याच दिवशी दुकानात कॅटवूमन आणि रेड हूड चाळले. दोन्हींत बायका गोष्टीसाठी नव्हत्या, बघणाऱ्यासाठी होत्या. दोन्ही जागेवर ठेवून दिले. दुकानदार काही बोलला नाही, मीही नाही.

सासूबाईंना वंडर वूमनचं मुखपृष्ठ आवडलं. ही कोण, म्हणाल्या. मी सांगितलं की तिला वडील नाहीत, आईने मातीची बाहुली घडवली आणि देवांनी तिच्यात जीव घातला.

"म्हणजे आपल्या गणपतीसारखंच की. पार्वतीने मळाचा केला ना."

हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या तिला 'ती मातीची' म्हणायला लागल्या आणि दर महिन्याला तिचं पुढे काय झालं ते विचारायला लागल्या. नोव्हेंबरात, तिसऱ्या अंकात, अझारेलोने उघड केलं की मातीची गोष्ट खोटी, ही खरं तर झ्यूसची मुलगी. मी जेवताना ते सांगितलं. सासूबाईंनी भाताचा घास तसाच हातात धरला.

"म्हणजे शेवटी बाप काढलाच त्यांनी."

यापेक्षा नेमकं परीक्षण मी त्या मालिकेचं कुठे वाचलेलं नाही. आणि तरी ती मालिका मी सोडली नाही. चँगची चित्रं, हेफेस्टसची भट्टी, पक्ष्याच्या पायांचा हर्मिस; रागावून का होईना, पुढचा अंक हवाच असायचा.

२८ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि ॲक्वामॅनचा पहिला अंक त्याच दिवशी आला. घरात नऊ दिवस कांदासुद्धा नाही. इकडे हा समुद्राचा राजा सीफूडच्या हॉटेलात शिरतो आणि तळलेले मासे मागवतो. लोक हबकतात, तुम्ही तर माशांशी बोलता ना! आम्हा कोकणातल्या माणसांना यात हबकण्यासारखं काय ते कळेना. समुद्रावर राहणारा माणूस मासे नाही खाणार तर काय मेथीची भाजी खाणार? जेफ जॉन्सने चेष्टेचा विषय झालेल्या नायकाला त्याच चेष्टेतून उभं केलं. हाही अंक गाडीत संपला.

गाडीची गोष्ट माझ्या लक्षात आली ती नोव्हेंबरच्या शेवटी. तीन अंक वाचून निर्णय घ्यायचा असं मी ठरवलं होतं. एक्सेलमध्ये गोष्टीला गुण, चित्रांना गुण, असे रकाने होते आणि सगळ्यांना सहा-सात-सात पडत होते. त्यातून काही निघेना. मग सहज एक नवा रकाना टाकला: कुठे वाचला? गाडीत, त्याच रात्री, शनिवारी, आठवत नाही. आणि पत्ते आपोआप वेगळे पडले. ॲनिमल मॅन, वंडर वूमन, बॅटवूमन, बॅटमॅन गाडीत. स्वॅम्प थिंग, ॲक्शन, फ्लॅश, ॲक्वामॅन कधी गाडीत, नाहीतर त्याच रात्री. बॅटमॅन अँड रॉबिन आणि डीमन नाइट्स त्याच रात्री. ग्रीन लँटर्न, बर्ड्स ऑफ प्रे, बॅटगर्ल शनिवारी. हे तीन काढले. ग्रीन लँटर्नमध्ये तर विश्व बदलल्याचा पत्ताच नव्हता, जुनीच गोष्ट पुढे चालू, फक्त आकडा १. बॅटगर्ल काढताना वाईट वाटलं. बर्ड्स ऑफ प्रे काढताना काही वाटलं नाही, आणि तेच तिच्याविरुद्ध सगळ्यात मोठं कारण होतं.

डिटेक्टिव्हसमोरचा रकाना मी रिकामा ठेवला.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. ही सगळी कॉमिक्स आता त्याच दिवशी आयपॅडवर मिळतात, मग खोकी हवीत कशाला? प्रश्न रास्त होता. तळघरात पुन्हा पाणी आलं तर आयपॅड भिजत नाही. मी एक अंक आयपॅडवर वाचून बघितला. चौकट-चौकट पुढे सरकत जाते, पण विल्यम्सचं दोन पानांवर पसरलेलं चित्र एकदम डोळ्यात मावत नाही. तो विषय मी तिथेच मिटवला. खरं म्हणजे मला पिशवीत अंक सरकवताना होणारा आवाज आवडतो, पण हे कारण म्हणून सांगता येत नाही.

जानेवारीत बॅटमॅनचा पाचवा अंक आला. लेखक स्नायडर, चित्रकार ग्रेग कपुलो. बॅटमॅन घुबडांच्या टोळीच्या भूलभुलैयात अडकलाय, झोप नाही, भ्रम व्हायला लागलेत. आणि मधेच पान आडवं होतं. मग उलटं. वाचायचं तर अंक फिरवावा लागतो, आणि उलटा धरल्यावर पानं मागच्या बाजूने उलटावी लागतात. बाहेर कडाक्याची थंडी, काचा धुरकटलेल्या, गाडीतला दिवा लावलेला, आणि मी तो अंक स्टिअरिंगसारखा गोल फिरवतेय. शेजारच्या गाडीत बसायला आलेल्या बाईने काचेवर टकटक करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? बरोबरच होतं तिचं.

त्या रात्री तो अंक ठेवायला खोकं उघडलं आणि डिटेक्टिव्हच्या कप्प्यात तीन अंक दिसले. तिसरा, चौथा, पाचवा. तिन्ही दुकानातून आणलेल्या कागदी पिशवीतून मी सरळ प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते, पुठ्ठा लावून, क्रमाने. तिन्ही न वाचलेले. एकही पान उलटलं नव्हतं. सासूबाई डिसेंबरात रत्नागिरीला परतल्या होत्या, नाहीतर त्यांना बोलावून दाखवलं असतं, ही बघा आई, तुम्ही म्हणत होतात ती.

वहीतली पहिली ओळ काढून वाचली. इतर काहीही सुटलं तरी. मी ही मालिका जपत होते ती ८५४ नंतर ८५५ येतो म्हणून. पण तो क्रम मुळात ८८१ ला तुटला होता आणि तो तोडणारी मी नव्हते. ज्या दोन माणसांमुळे मला ती आवडली, त्यातला विल्यम्स बॅटवूमनवर होता आणि स्नायडर बॅटमॅनवर. दोन्ही मालिका मी गाडीत वाचत होते. डिटेक्टिव्ह नावाच्या घरात माझ्या ओळखीचं आता कुणीच राहत नव्हतं.

पुढच्या बुधवारी दुकानदाराला सांगितलं. त्याने फाइलवर रेघ मारली आणि म्हणाला, "दोन अंक येतील अजून. मागणी गेलेली आहे."

"माहितीये. घेते ते."

सहावा आणि सातवा घेतले. सातवा मार्चमध्ये. महिन्याचा खर्च ३०.९० वर आला आणि दहा मालिका राहिल्या. साधारण त्याच सुमारास बावन्नातल्या पहिल्या सहा मालिका आठव्या अंकानंतर बंद होणार असं जाहीर झालं. त्यात माझी एकही नव्हती. दुकानदाराच्या कपाटात मात्र त्यातल्याच हॉक अँड डव्हची चळत होती, तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "यांच्यासाठी कुणी वही घातली नाही."

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात निर्णय असे फार नव्हते. ॲक्शन मी मॉरिसनबरोबरच अठराव्या अंकाला सोडली. बॅटवूमन २०१३ मध्ये सुटली. केट, म्हणजे बॅटवूमन, आणि तिची प्रेयसी मॅगी यांचं लग्न होऊ द्यायचं नाही असं वरून ठरलं, विल्यम्स आणि त्याचा सहलेखक बाहेर पडले, मीही पडले. ॲनिमल मॅन एकोणतिसाव्या अंकाला स्वतःच संपली. वंडर वूमन पस्तिसाव्यापर्यंत, म्हणजे अझारेलो आणि चँग असेपर्यंत. फोनवर सासूबाईंना शेवट सांगितला तर म्हणाल्या, मातीचं पुढे काय झालं ते सांग. ते मला सांगता आलं नाही.

२०१६ च्या जूनमध्ये डीसीने पुन्हा एकदा सगळं नव्याने मांडलं. या वेळी मी कॅटलॉगसुद्धा नीट बघितला नव्हता. दुकानदाराचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते. त्याने न विचारता एक अंक वर ठेवला. डिटेक्टिव्ह कॉमिक्स. आकडा ९३४.

मी तिथेच गणित केलं. ८८१ अधिक बावन्न, ९३३. मधल्या पाच वर्षांचे बावन्न अंक जुन्या क्रमात मुरवून त्यांनी मोजणी पुन्हा सुरू केली होती. मुखपृष्ठावर एकटा बॅटमॅन नव्हता. सोबत बॅटवूमन होती, तरुण पोरांना शिकवायला. आणि पोरांत जांभळी टोपडी घातलेली स्टेफनी ब्राउन.

"मधले आठ ते बावन्न हवेत का?" त्याने विचारलं. "बरेचसे मागच्या डॉलरच्या खोक्यात सापडतील. पंचेचाळीस डॉलरमध्ये तुझा क्रम पुरा."

मी मागे जाऊन खोकं बघितलं. होते खरंच, बऱ्यापैकी स्थितीत. चाळत चाळत विसाव्यापर्यंत गेले. मग एकही न उचलता परत आले आणि ९३४ चे २.९९ दिले.

"महिन्यातून दोनदा येणार आहे आता," तो म्हणाला. "फाइलमध्ये टाकू?"

"थांबा जरा," म्हटलं आणि गाडीकडे गेले.